सरसकट टेस्टिंग कशाला?
"अख्खी जेंटू सिस्टीम टेस्टिंगवर टाका, स्टेबलमध्ये मिसळामिसळ केली की डोकेदुखी वाढते" हा वरचा सल्ला मला अर्धाच पटला. (जेंटू म्हणजे प्रोग्राम सहसा आपल्याच मशीनवर सोर्समधून बांधणारं लिनक्स; स्टेबल म्हणजे तपासून पक्क्या केलेल्या आवृत्त्या, टेस्टिंग म्हणजे अजून चाचणीत असलेल्या नव्या.) डोकेदुखी मोघम नोंदींमुळे होते. कुठल्या पॅकेजाला टेस्टिंग चालेल ते लिहायच्या ॲक्सेप्ट-कीवर्ड्सच्या फाइलीत नुसतं पॅकेजचं नाव लिहिलं की ते कायमचं टेस्टिंगवर जातं आणि पुढेमागे दोन-चार लायब्ऱ्याही सोबत ओढतं. त्याऐवजी आधी बरोबरचं चिन्ह (=) देऊन नेमकी आवृत्ती लिहा. ती स्टेबल झाली की ती ओळ आपोआप निकामी होते. वर हॅश (#) टाकून कारणही नोंदवा, नंतर कुणाला आठवतंय!

सगळंच टेस्टिंगवर नेलं तर परतीची वाट अवघड. ग्लिबसी (बहुतेक प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ सी लायब्ररी) एकदा वर गेलं की त्याचं इबिल्ड (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी फाइल) खालची आवृत्ती बसवायला सरळ नकार देतं.

यूज फ्लॅगसुद्धा (पॅकेजात कुठल्या सोयी हव्या-नकोत ते सांगणारे पर्याय) ग्लोबल यादीत मोजकेच ठेवा, बाकीचे पॅकेजनिहाय. डिसेंबर २०२३ पासून जेंटू बऱ्याच पॅकेजांच्या तयार बायनरी (आधीच बांधलेली पॅकेजं) देतं, पण फ्लॅग जुळले तरच पोर्टेज हा जेंटूचा पॅकेज मॅनेजर त्या उचलतं. ब्राउझर, एलएलव्हीएम (कंपायलरचा संच) असल्या अवजड मंडळींचे फ्लॅग म्हणूनच मी मूळचेच ठेवतो. फ्लॅगशी खेळायची हौस भागवायला एमपीव्ही आणि एफएफएमपेग ही व्हिडिओची पॅकेजं आहेतच की.