मदत हवी आहे: बीएस्सीनंतर ऑनर्सचं चौथं वर्ष कोल्हापुरात करता येतं का?

बहीण निपाणीत राहते. राणी चन्नम्मा विद्यापीठाची बीएस्सी, २०२३ ची बॅच, सहावं सेमिस्टर झालंय. कर्नाटकात २०२४-२५ पासून नव्या मुलांना परत तीन वर्षांची डिग्री आहे, पण तिची बॅच एनईपीचीच (नवं शिक्षण धोरण, चार वर्षांची ऑनर्स डिग्री). तिच्या कॉलेजात ऑनर्सचा वर्ग नाही. ऑफिसात विचारलं तर ‘विद्यापीठात जा’ एवढंच सांगतात.

शिवाजी विद्यापीठ एसटीने रोज जमण्यासारखं आहे, हॉस्टेल परवडणार नाही. एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं) काढलाय, सगळी मार्ककार्डं हातात आहेत. रिसर्च ऑनर्सला यूजीसीची ७५ टक्क्यांची अट आहे. तिला ७१ आहेत, म्हणून साधं ऑनर्सच हवंय. खरी अडचण क्रेडिटची. केमिस्ट्री आणि बॉटनी दोन्हींना सारखेच क्रेडिट पडलेत, त्यामुळे मेजर (मुख्य विषय) कोणता धरतील ते कळत नाही.

इकडून तिकडे थेट सातव्या सेमिस्टरला कुणी गेलंय का? केमिस्ट्री मेजर धरताना किती क्रेडिट मागितले?