मदत हवी आहे: परराज्यातल्या ऑर्डरींसाठी जीएसटी नेमका कोणाच्या नावावर घ्यावा?

नमस्कार मंडळी. आम्ही नवराबायको सावंतवाडीत राहतो. बायको कोकमाचं आगळ, सोलं आणि मालवणी मसाला व्हॉट्सॲपवर विकते, मी सुलेखनाचे ऑनलाइन वर्ग घेतो. दोन्हीतली शिल्लक जुन्या घरातल्या दोन खोल्या पर्यटकांसाठी नीट करायला बाजूला टाकतोय, त्यामुळे पैसा न् पैसा महत्त्वाचा.

खाद्यपदार्थ विकायला लागणारी एफएसएसएआय नोंदणी तिच्या नावावर आहे. आता बेंगळुरू, हैदराबादहून मागणी येतेय. माल परराज्यात विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी घ्यावाच लागतो आणि कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरायची योजना) राहून बाहेर विकता येत नाही, एवढं कळलंय. माझ्या वर्गांना मात्र वर्षाला २० लाखांपर्यंत सूट आहे, विद्यार्थी परराज्यातले असले तरी.

एक सल्लागार म्हणतात भागीदारी करा, दुसरे म्हणतात तिच्या एकटीच्या नावावर घ्या. भागीदारीत माझे वर्गही आले, तर फीवर १८ टक्के चढतील आणि गावाकडची मुलं वर्ग सोडतील, याची मला खरी काळजी आहे. घर आईच्या नावावर आहे. नोंदणीच्या पत्त्यासाठी आईचं संमतीपत्र आणि लाइटबिल मिळेल. दोघांचे पैसे सध्या एकाच जॉइंट खात्यात येतात. दरमहा अकाउंटंट परवडणार नाही, रिटर्न बायको स्वतः भरेल.

नोंदणी फक्त तिच्या नावावर घेतली, तर पत्ता आणि खातं एकच असूनही माझे वर्ग बाहेर राहतील ना? की आधी खातं वेगळं करावं? आणि तिमाही रिटर्न निवडलं तर मधल्या महिन्यांत काय काय भरावं लागतं?