लहान घर आहे कुठे?

‘परवडत नसेल तर लहान घरात जावं’ हे ऐकायला सोपं आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१३ पासून कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) भाड्याच्या घरात एक बेडरूम जास्त ठरली की सरकारी मदतीत भाड्याच्या १४ टक्के इतकी कपात, दोन किंवा जास्त ठरल्या की २५ टक्के. (पेन्शनर वगळलेत, आणि मोठ्या घरात एकटे राहणारे बरेचदा तेच!) पण उत्तर इंग्लंडात वर्षानुवर्षं बांधली गेली ती मुख्यतः तीन बेडरूमची घरं. एका बेडरूमची आणायची कुठून? खाजगी भाड्याच्या घरात जावं तर तिथली मदतीची मर्यादा २०२० ते २०२४ गोठलेली, भाडी मात्र चढतीच. पस्तिशीच्या आतल्या एकट्याला तर बहुतेक वेळा शेअरिंगच्या खोलीपुरतेच पैसे. स्कॉटलंडचं सरकार निदान जास्तीच्या खोलीची कपात स्वतःच्या पैशातून भरून देतं.