अमेरिकेचं भूत आमच्या पेशंटच्या मानगुटीवर का?

रंकाळाकर: काल इथं एकानं ठोकून दिलं, "अमेरिकेनं मॉर्फिनसारख्या, सवय लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांना मंजुरी देऊन घरंच्या घरं बुडवली, आपल्याकडं मॉर्फिनवर सरसकट बंदी घाला." आमच्या आबांचा कॅन्सर हाडात उतरलेला. रात्री दोनला उशी दातात धरायचे. कोल्हापुरात चार मेडिकल फिरलो. 'मॉर्फिन' म्हटलं की दुकानदार मलाच वरपासून खालपर्यंत बघायचा. शेवटी मिरजेतनं गोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी आबांनी आपणहून चहा मागितला. बंदी म्हणे!

पेठेतला: तो 'एक' मीच. आबांचं वाईट वाटलं, पण मी मंजुरीबद्दल बोलतोय. झोहायड्रो या असल्याच वेदनाशामकाविरुद्ध सल्लागार समितीनं ११-२ मत दिलं, तरी २०१३ ला एफडीएनं, म्हणजे अमेरिकेच्या औषध मंजुरी खात्यानं, ते पास केलं. २०१८ ला डीसुविया ही गोळी पास केली, मॉर्फिनहून कितीतरी कडक अशा फेंटानिलच्या ५ ते १० पट जालीम. खुद्द समितीचा अध्यक्ष विरोधात होता.

गोळीवाला: डीसुविया दवाखान्यातच द्यायची होती, मेडिकलात विकायला परवानगीच नव्हती. हे बरं गिळलंस! आणि दुकानदाराला नावं ठेवू नका. २०१४ ला मॉर्फिनसाठी एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, सैल केला, पण रजिस्टरात एक गोळी इकडची तिकडं झाली तर आत कोण जाणार? तुम्ही?

उपनगरी: ते राहू दे. ऊठसूट मिरज काय लावलंय? कोल्हापुरात डॉक्टर नाहीत व्हय?

मिरजकर: दुखायला लागलं की मिरज, बरं वाटलं की 'जगात भारी'!

उपनगरी: रविवारी तांबड्या रश्श्याला रांग लावता तेव्हा?

मिरजकर: रस्सा खाऊनच पोट बिघडतं, मग परत आमच्याकडंच येता. तुमच्या गायकांचे तंबोरेसुद्धा आमच्याकडचे.

उपनगरी: तंबोऱ्यानं कॅन्सर बरा होतोय काय रे?

रंकाळाकर: अरे, रस्सा आवरा! मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला सरकारी परवान्यानं अफू पिकते, तिच्यातनंच मॉर्फिन निघतं, ती परदेशात जाते, आणि आमच्या म्हाताऱ्यानं उशी चावायची? कोझिकोडला १९९३ पासून वेदनाशमनाचं काम चाललंय, घरी जाऊन मॉर्फिन देतात. बुडलं का केरळ?

पेठेतला: लय शहाणा आहेस. आमच्या गल्लीतल्या पोराला गाडीवरनं पडल्यावर ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी दिली. पाय बरा झाला, गोळी सुटली नाही. चिठ्ठी न बघता मिळायची. शेवटी घरातलं भरलेलं सिलिंडर विकलं त्यानं. ट्रामाडॉल एनडीपीएसखाली आली २०१८ ला, तोवर सगळे झोपले होते. बरं, कॅन्सरला द्या मॉर्फिन, तुझ्या आबांसाठी एवढं सोडलं. बाकी कुलूपच. आणि काय हो गोळीवाले, तेव्हा ट्रामाडॉलचं रजिस्टर ठेवत होता का?

गोळीवाला: दहा वाजले. शटर ओढतोय.