जीपीयू घेतला, ड्रायव्हर कोण सांभाळणार?

एआय मॉडेल स्वतःकडे चालवायला 'एकदा जीपीयू सर्व्हर विकत घेतला की क्लाउडचं मासिक बिल सुटलं' असं म्हणतात, ते बिलापुरतं पटतं. पण तो आणि त्याचा ड्रायव्हर (जीपीयू चालवणारं सॉफ्टवेअर) रोज सांभाळणार कोण, हे खरेदीआधीच ठरायला हवं. आमच्याकडे, चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, उबुंटूवर (लिनक्स) व्हीएलएलएम, म्हणजे एआय मॉडेल चालवून देणारं सॉफ्टवेअर, चालतं. एका सोमवारी सकाळी सर्व्हिस रीस्टार्ट झाली आणि मॉडेल उठेचना. जीपीयूची स्थिती दाखवणारी एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड चालवली तर 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच'. आपोआप झालेल्या अपडेटने ड्रायव्हरच्या लायब्ररी बदलल्या होत्या, कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) मात्र ड्रायव्हरचं जुनंच मॉड्यूल लोड होतं. उपाय साधा, रीबूट. पण तिथवर पोचायला अर्धा दिवस गेला, कारण आयटीवाले मॉडेल बसवून देणाऱ्यांकडे बोट दाखवत होते आणि ते आयटीकडे. तोवर क्वालिटीची माणसं खोळंबलेली.

तेव्हापासून ड्रायव्हरची पॅकेजेस 'एपीटी-मार्क होल्ड' या कमांडने रोखून ठेवलीत, म्हणजे ती आपोआप अपडेट होत नाहीत. अपडेट महिन्यातून एकदा, शनिवारी, माणूस समोर बसून करतो. आणि एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) ड्रायव्हर, मॉडेल सर्व्हिंग, बॅकअप हे तिन्ही कोणाच्या वाट्याला, ते वेगवेगळं लिहून घेतलं. आमच्या पहिल्या करारात नुसतं 'सर्व्हर मेंटेनन्स' एवढंच होतं.