बाभूळ, तुराटी आणि मॅग्नमची दारू

मॅग्नम म्हणजे रिव्हॉल्व्हरचं जोरदार काडतूस; ते घरी भरण्याबद्दल वर एका भाऊंनी लिहिलंय, "ओतीव शिशाच्या गोळीलाही एच-११० च भरा, २४०० जुनी झाली." एच-११० आणि २४०० या काडतुसात भरायच्या बंदुकीच्या दारूच्या जाती. मला त्यांचं म्हणणं नाही पटलं. मी परभणीचा, इथं परवान्याशिवाय काडतूस भरणं १९५९ च्या शस्त्र कायद्यात बसत नाही. माझा सगळा अनुभव टेक्सासातल्या थोरल्या भावाच्या काडतूस भरायच्या बाकावरचा.

आपल्या चुलीचंच बघा. तुराटी भुर्रकन पेटते, बाभूळ दमानं. एच-११० म्हणजे बाभूळ. पुस्तकातल्या मापाजवळ भरली आणि गोळीला काडतुसाची कड घट्ट आवळली, तरच नीट जळते. कमी भरली तर कधी गोळी नळीतच अडकते, अन् पुढचा बार तिच्यावर! २४०० ही दारू मात्र मध्यम जोराच्या बारालाही निभावते. एल्मर कीथ हा अमेरिकन बंदूक-लेखक १९५५ च्या .४४ मॅग्नम काडतुसाच्या आधीपासून तिच्यावरच ओतीव गोळ्या उडवायचा. रोजच्या सरावाला, हलक्या बाराला युनिक नावाची दारू बरी.

आणि नळीत शिसं चिकटलं की सगळे दारूला शिव्या देतात. आधी गोळीचं माप बघा हो. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या) तोंडापेक्षा गोळी बारीक असली की गरम वायू कडेनं निसटतो, शिसं वितळवतो. भावानं दोन महिने दारू बदलण्यात घालवले, दोष गोळी ओतायच्या साच्याचा निघाला.

वजनं मात्र दारूवाल्या कंपनीच्या चालू पुस्तकातूनच घ्या, इथल्या प्रतिसादांतून नको.