पाखाडी म्हणजे नेमकं काय? (ठाण्यातली पाचपाखाडी, नौपाडा वगैरे)

प्रश्न असा पडला. रत्नागिरीची मावशी आमच्याकडे राहायला आली आहे. रिक्षातून उतरल्यावर इमारतीची पाटी वाचून म्हणाली, "पाच पाखाड्या? एक तरी दाखव." तिच्या गावाकडे पाखाडी म्हणजे चढावरची दगडी पायऱ्यांची वाट. आमच्याकडे कचराळी तलावापासून महापालिका भवनापर्यंत सगळं सपाट, चढ काय तो लिफ्टचाच. मग या पाच पाखाड्या आल्या कुठून? दुसरं असं की सोसायटीची पाटी नव्याने रंगवायची आहे. पाचपाखाडी, पांचपाखाडी की पंचपाखाडी? सभेत यावर पाऊण तास गेला, त्यामुळे पाण्याच्या टाकीचा विषय राहूनच गेला.

खाडीकाठ:
मावशी चुकीच्या नाहीत, पण त्यांची पाखाडी दक्षिण कोकणातली. आमच्या उत्तरेकडे पाखाडी म्हणजे गावातला घरांचा एक पुंजका. वांद्र्यात पूर्वी अशा 24 पाखाड्या होत्या असं सांगतात, रणवार त्यातलीच एक. मरोळ पाखाडी आजही पत्त्यात लिहितात. कळव्याला खारेगावात पाखाडी आहे, आणि तिथे कुणी पायऱ्या शोधत नाही. इथल्याच मूळच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात तर हा शब्द अजून रोजचा आहे. ठाण्यावर 1737 पर्यंत पोर्तुगीज होते, म्हणून काहींना हा शब्दही त्यांचाच वाटतो. पण तो आपलाच आहे.

जुना ठाणेकर:
दोन्ही अर्थ एकमेकांपासून फार लांब नाहीत. आळी म्हणजे मुळात ओळ. घरांची ओळ झाली आणि पुढे मोहल्ल्यालाच आळी म्हणू लागले. चरईतली धोबी आळी बघा. पाखाडीचंही तसंच झालं असणार, असं मला वाटतं: आधी फरसबंद वाट, मग त्या वाटेवरची घरं, मग ती वस्ती. जुनं ठाणं म्हणजे मासुंदा तलाव, कौपिनेश्वर, बाजारपेठ आणि खाडीकाठचा चेंदणी कोळीवाडा. त्याच्या बाहेर सुट्या सुट्या वस्त्या. त्या मोजून नाव पडलं, एवढंच. आपल्याकडे अशी मोजदाद जुनीच आहे. ठाणे ज्या बेटावर आहे त्या साष्टीचं नावच सहासष्ट गावांवरून आलं, षट्षष्टी.

शंकेखोर:
पाच पाखाड्या असत्या तर 'पाचपाखाड्या' म्हटलं असतं. एकवचन का?

जुना ठाणेकर:
कारण हा द्विगू समास आहे, साहेब. पाच वडांचा समूह तो पंचवटी, नऊ रात्रींचा समूह ते नवरात्र. समूह एक, म्हणून एकवचन. शाळेत तोंडपाठ केलेलं कधीतरी उपयोगी पडावं!

शंकेखोर:
मान्य. मग त्याच न्यायाने नौपाडा म्हणजे नऊ पाडे?

खाडीकाठ:
इथे मात्र मी थांबेन. नवाचं मराठीत 'नौ' होतं हे खरं, लवकरचं लौकर होतं तसं. पण 'नव' म्हणजे नऊही आणि नवाही. वांद्रे पूर्वेला नौपाडा आहे, डोंबिवली पश्चिमेला नवापाडा आहे. सगळीकडे मोजून नऊच पाडे निघाले, हे पटत नाही. गावाबाहेर नवी वस्ती पडली, तिला नवा पाडा म्हणाले, हे सरळ वाटतं. 'नौ' म्हणजे होडी असंही एकाने मला ऐकवलं होतं. गोखले रोडवर होडी! पावसाळ्यात चालेल म्हणा.

पामबीच:
नवी मुंबईतून एक भर. आमच्याकडेही सानपाड्यात पाडा आहे, पण कानाला तो लागतच नाही. येऊरला पाटोणपाडा म्हटलं की आदिवासी वस्ती डोळ्यांसमोर येते, नौपाडा म्हटलं की ब्राह्मण सोसायटी. शब्द तोच. 1970 साली सिडको आली, 95 गावांच्या जमिनी गेल्या, तेव्हापासून आमच्याकडे वस्तीचे शब्द दोनच उरले: गाव आणि सेक्टर. 'कोपरखैरण्यात कुठे, गावात का सेक्टरमध्ये?' एवढं विचारलं की पुढचं सगळं समजतं.

चरईकर:
मला व्युत्पत्तीपेक्षा विभक्ती छळते. हल्ली सर्रास 'नौपाडामध्ये', 'माजिवडामध्ये' ऐकू येतं. नौपाड्यात, माजिवड्याला म्हणताना जीभ अडखळते का? ठाण्यात म्हणता ना, का 'ठाणेमध्ये'? पाखाडी स्त्रीलिंगी असल्याने वाचली. 'पाचपाखाडीत' म्हणा किंवा ठाणेकरांसारखं 'पाचपाखाडीला राहतो' म्हणा, दोन्ही छान. आणि निदान पाडा-पाखाडी नावात तरी आहेत. पुढच्या वस्त्यांना तेही मिळालं नाही. नितीन कंपनी, कॅडबरी जंक्शन. शंभर वर्षांनी कुणीतरी विचारेल, हा नितीन कोण होता?

जुना ठाणेकर:
पाटीचं राहिलंच. पूर्वी 'पांच'वर अनुस्वार देत, उच्चार होत नसला तरी. 1962 च्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढले, तेव्हा आजचं लेखन पाचपाखाडी. जमिनीच्या कागदांवर 'मौजे पांचपाखाडी' दिसेल, कारण तिथे जुनं नाव तसंच उतरवत जातात. कागद करताना कागदातलं जुळवा, पाटीवर पाच लिहा. 'पंच' मात्र नको. ते कुणीतरी उगाच संस्कृतात नेलेलं वाटतं, बोलताना तर कुणीच तसं म्हणत नाही.

प्रश्नकर्ती:
आभार. रंगाऱ्याला 'पाचपाखाडी' लिहून दिलं आहे. सेक्रेटरींना अनुस्वार हवाच होता, त्यांना सातबारा दाखवून समजावलं तर त्यांनी तोच पुरावा म्हणून पुढे केला. मावशीला वस्तीचा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "असेल हो. पण आमच्या पाखाडीला पाचही पुरत नाहीत, चांगल्या सत्तर पायऱ्या आहेत."